फवारणीच्या औषधावरील खूण व आमचे मजूर

पंढरपूरकडील द्राक्षांच्या व सांगोल्याकडील डाळिंबांच्या बागांस फवारणीवांचून चालत नाहीं, हें वाचकांस सांगणें नलगे. औषध आम्ही आणतों व डब्यावरील मजकूर आम्हांस वाचतां येतो. परंतु पंप पाठीवर घेतो तो मजूर, आणि त्यास तो बहुधा येत नाहीं. कित्येकांस सही येते. पण सही येणें म्हणजे वाचतां येणें नव्हे, हें महसुली दप्तरांत जन्म घालविल्यामुळें आम्ही पुरतें जाणतों. शिवाय अक्कलकोटकडील पुष्कळांची मायबोली कानडी. त्यांस मराठी मजकूर दुप्पट परका.

सन १९७१ च्या कीटकनाशक नियमांप्रमाणें डब्यावर कोनावर उभा केलेला चौकोन छापलेला असतो. त्याच्या वरच्या भागांत इशारा व खालच्या त्रिकोणांत रंग असतो. तांबडा म्हणजे अत्यंत जहाल. त्यावर कवटी व हाडें असतात. पुढें पिवळा, निळा व हिरवा असा जहालपणा उतरत जातो. घोटाळा होतो तो येथेंच. पिवळा रंग हळदीचा व हिरवा पिकाचा, तेव्हां दोन्ही शुभ, असें अजाण माणूस सहज धरून चालेल. वस्तुतः पिवळें हें दुसऱ्या पायरीचें विष होय, आणि हिरवेंही कांहीं पिण्याचें पाणी नव्हे.

सन २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करितांना विषबाधा होऊन वीसाहून अधिक माणसें दगावलीं व शेंकडों रुग्णालयांत पडलीं. पुष्कळ ठिकाणीं पीक माणसाच्या उंचीएवढें वाढलें होतें व औषधांची मिसळ केलेली होती. अशा वेळीं कोणतें औषध बाधलें हें सांगतां न आल्यास डॉक्टरांनीं तरी काय करावें? ऑर्गॅनोफॉस्फेट वर्गाच्या विषावर ॲट्रोपिन देतात. तें सर्वच विषांवर चालत नाहीं. म्हणून रोग्याबरोबर डब्यावरील चिठ्ठी गेलीच पाहिजे, ही गोष्ट मजुरास सर्वांआधीं शिकवावी.

ऑक्टोबरच्या छाटणीपूर्वीं एके दिवशीं फळ्यावर तो चौकोन मोठा काढून रंगीत खडूनें भरावा. रिकामा डबा धड्यासाठीं हातीं देऊं नये. मात्रेचा आंकडाही ओळखावयास शिकवावा, कारण बुचानें माप घेण्याची खोड फार. शिकविलेलें मजुराकडूनच उलट वदवून घ्यावें. नुसत्या 'हो मालक' वर विसंबूं नये. हें सर्व कामाच्या वेळांत करावें व त्या वेळेची मजुरी कापूं नये. बायकांसही बसवावें. टाकींत पाणी ओतणें व औषध ढवळणें पुष्कळदां त्यांच्याकडे असतें, आणि फवारणीचे कपडे घरीं धुतात त्याही त्याच.