मालवण कॉलिंग... व्हाया मोडेम!

किर्र... ट्युंई... खर्रर्र! हा आवाज ज्यांनी लगेच ओळखला त्यांनी वय लपवायचा नाद सोडावा. बाकीच्यांसाठी सांगते, हा डायल-अपचा आवाज. टेलिफोनच्या तारेवरून दोन मोडेम एकमेकांशी ओळख करून घ्यायचे, तो. अमेरिकेत एओएलने आपली डायल-अप सेवा ३० सप्टेंबर २०२५ला बंद केली. आपल्याकडे मात्र ब्रॉडबँड आलं, मग थ्रीजी, मग २०१६मध्ये जिओ... आणि हा आवाज कधी थांबला, ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

व्हीएसएनएलने १५ ऑगस्ट १९९५ला मोठ्या शहरांत इंटरनेट खुलं केलं. मालवणसारख्या गावात नेट म्हणजे नंतरची बरीच वर्षं बीएसएनएलचा लँडलाइन, संचारनेटचं अकाउंट आणि एक जुना पीसी. जुनाच! मुंबईच्या घरात नवा आला की आधीचा खोक्यात बांधून गणपतीत कोकणकन्येने कुडाळला, तिथून एसटीने मालवणला. रॅम ३२ एमबी, फार तर ६४. आता विंडोज एक्सपीला निदान ६४ एमबी लागायची आणि नीट चालायला १२८. म्हणजे धुरीवाड्यातल्या त्या पीसीवर एक्सपी टाकणं म्हणजे होडीत एसटी चढवण्यातला प्रकार.

इथे एंट्री घेतात लिनक्सची हलकी मंडळी. डॅम स्मॉल लिनक्स हे त्यातलं खास नाव. अख्खी सिस्टीम ५० एमबीत, एका छोट्याशा सीडीवर! ४८६ प्रोसेसर आणि १६ एमबी रॅमवरही ती उठायची. दुसरं पपी लिनक्स, ऑस्ट्रेलियातल्या बॅरी कॉलरने २००३मध्ये आणलेलं आणि आपल्या कुत्र्यावरून नाव ठेवलेलं. हलकं असण्याचा फायदा डबल होता. मालवणात ४० केबीपीएसचा स्पीड मिळाला असं धरा. ५० एमबी उतरायला पावणेतीन तास. ७०० एमबीची नेहमीची लिनक्स सीडी? साधारण ३९ तास, तेही लाइन एकदाही न तुटता. आणि घरातून कुणीतरी ओरडणार, ‘रे झिला, फोन ठेव तो, माका मुंबयक बोलूचा हा!’ म्हणून शहाणी माणसं सीडी मासिकाबरोबर मिळवायची नाहीतर पोस्टाने मागवायची. उबुंटू तर २०११पर्यंत घरपोच फुकट सीडी पाठवत असे.

सीडी लागली, डेस्कटॉप आला, झक्कास! खरं टेन्शन पुढे.

कारण पीसीच्या आत बसवलेला मोडेम बहुतेक वेळा ‘विनमोडेम’ निघायचा. किंमत कमी करण्यासाठी कंपन्यांनी त्यातली अर्धी अक्कल काढून विंडोजच्या ड्रायव्हरमध्ये ठेवलेली. लिनक्सला तो दिसायचा, पण चालायचा नाही. ड्रायव्हर हवा तर नेटवरून उतरवा, आणि नेट हवं तर आधी ड्रायव्हर टाका! एका जातीच्या मोडेमसाठी लिनक्सअँट नावाच्या कंपनीचा ड्रायव्हर होता, पण फुकटातला १४.४ केबीपीएसच्या पुढे जात नसे. पैसे भरा, मग ५६. यावर उपाय एकच, बाहेरचा सीरियल मोडेम. लाल दिवे लुकलुकणारा तो डबा महाग असला तरी अक्कल स्वतःची बाळगून असायचा.

तो पीसीच्या मागच्या पोर्टला जोडायचा. विंडोजमध्ये जो कॉम-वन, तोच लिनक्समध्ये ‘टीटीवाय-एस-झीरो’. मग रूट म्हणून ‘डब्ल्यूव्हीडायल-कॉन्फ’ ही कमांड. ती एकेक पोर्ट चाचपत जाते आणि मोडेम सापडला की एक फाइल लिहून ठेवते. त्या फाइलमध्ये तीनच रिकाम्या जागा भरायच्या : फोन नंबर, युजरनेम, पासवर्ड. ओळींच्या सुरुवातीचे अर्धविराम काढायला विसरायचं नाही. बस्स. आता ‘डब्ल्यूव्हीडायल’ म्हणायचं आणि कान द्यायचा.

मला यात सगळ्यात भारी वाटतं ते यापुढचं. विंडोज चुकलं की एक एरर नंबर तोंडावर मारायचं. इथे पडद्यावर एकेक ओळ सरकत जायची आणि गाडी नेमकी कुठे अडली ते कळायचं. ‘नो डायलटोन’ आलं तर आधी रिसीव्हर उचलून ऐका. फोनच मुका असेल तर दोष तारेचा, पीसी उघडू नका. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने रोझेटमधल्या स्क्रूंवर हिरवट गंज चढतो, तेवढा खरवडला तरी पुष्कळदा भागतं. टोन कानाला ऐकू येतोय पण मोडेमला ओळखता येत नाही? सुरुवातीच्या कमांडमध्ये ‘एक्स-थ्री’ घाला, तो टोनची वाट न बघता डायल करतो. जुन्या एक्स्चेंजवर ‘एटीडीटी’च्या जागी ‘एटीडीपी’, म्हणजे टोनऐवजी पल्स. ‘नो कॅरिअर’ आलं तर समोरचा मोडेम जुळला नाही किंवा लाइनवर खरखर आहे. पावसाळ्यात तारा झाडांच्या फांद्यांतून जात असतील तर हे ठरलेलंच. लाइन जुळूनही लॉगिन अडकलं, तर फाइलमध्ये ‘स्टुपिड मोड’ चालू करायचा. खरंच हे नाव आहे, माझी कसम! मग प्रोग्रॅम नावगाव विचारलं जायची वाट न बघता थेट पीपीपी सुरू करतो. आणि आयपी मिळाला तरी साइट उघडत नसेल तर डीएनएसचा पत्ता तपासा.

म्हणजे लाइनमनला फोन करायचा की पासवर्ड पुन्हा टाइप करायचा, हे भरडावरच्या घरात बसून ठरवता यायचं. जवळचा इंजिनीअर कुडाळला नाहीतर कणकवलीला असेल, तर ही चैन नव्हे, गरज होती.

आज मालवणला वर्क फ्रॉम होम करणारे तुमच्या ऑफिसातही असतील. तारकर्लीचा बीच मागे ठेवून व्हिडिओ कॉल, सॉलिड! पण मे २०२१मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं तेव्हा सिंधुदुर्गात कित्येक गावांची वीज काही दिवस गेली, मोबाइलची रेंजही गेली. लँडलाइनच्या तांब्याच्या तारेतून एक्स्चेंजच्या बॅटरीचे ४८ व्होल्ट यायचे. घरात अंधार असला तरी तार शाबूत असेपर्यंत फोन वाजायचा. फायबरमधून फक्त प्रकाश येतो, वीज नाही. घरातला डबा बंद, की नेट बंद. त्यामुळे गावाकडून काम करणार असाल तर राउटर आणि फायबरच्या डब्यासाठी छोटा यूपीएस घ्याच, आणि फोनमध्ये दोन वेगळ्या कंपन्यांची सिम ठेवा.

माळ्यावरचा तो पीसी? डॅम स्मॉल लिनक्स २०२४मध्ये पुन्हा आलं, पण आता ते ७०० एमबीच्या सीडीला टेकलंय. नाव तेच, पोट चौदापट! जुन्या मशीनला पपीची एखादी जुनी आवृत्ती जास्त मानवेल. मात्र तीवर बँकेचं काम करू नका, अपडेट मिळत नाहीत. आणि मोडेमवाली ती फाइल ओळखीची वाटली तर नवल नाही. २०१०च्या आसपास थ्रीजीचे यूएसबी डोंगल आले तेव्हा लिनक्सवाल्यांनी तीच उघडली, युजरनेम-पासवर्डच्या जागी काहीही टाकलं आणि फोन नंबरच्या जागी लिहिलं, *९९#.