३०९ पानांचा हिशेब

१९४२ साली न्यूयॉर्कच्या फिलिप डशनेस नावाच्या पुस्तकविक्रेत्याने एक जुनं लॅटिन हस्तलिखित हजार डॉलरला घेतलं. पानं ३०९. महिना उलटायच्या आत त्याने ते उसवलं आणि सुटी पानं विकायला काढली, नगाला २५ ते ४० डॉलर. हिशेब चौथीतल्या मुलाला जमेल असा आहे. सगळ्यात खालचा भाव धरला तरी ३०९ गुणिले २५ म्हणजे ७,७२५ डॉलर होतात. हजाराचे पावणेआठ हजार, आणि मेहनत काय, तर कात्री चालवायची.

हा ग्रंथ म्हणजे ‘बोवे मिसल’. कॅथलिक धर्मगुरू मिस्सा हा उपासनाविधी करताना वेदीवर जे पुस्तक उघडून ठेवतो, तसलं हे एक. उत्तर फ्रान्समध्ये साधारण १२८५ ते १२९० च्या दरम्यान ते लिहिलं गेलं आणि बोवे गावच्या कॅथीड्रलमध्ये वापरात होतं. त्या कॅथीड्रलचा स्वतःचा आकड्यांशी जुना झगडा आहे. जमिनीपासून ४८ मीटर उंच कमानी, गॉथिक बांधकामातल्या सर्वांत उंच, हौसेने उभ्या केल्या आणि १२८४ मध्ये त्यांतल्या काही कोसळल्या. तीनशे वर्षांनी शहाणपण आलं म्हणावं, तर १५६९ मध्ये १५३ मीटरचा मनोरा चढवला. तो चारच वर्षं टिकला. अशा गावातलं हे पुस्तक मात्र साडेसहाशे वर्षं एकसंध राहिलं. कॅथीड्रलचा एक धर्माधिकारी, रोबेर द आंजे, १३५६ च्या नोव्हेंबरात वारला. दरवर्षी आपल्या नावाने मिस्सा व्हावी म्हणून त्याने ते कॅथीड्रलला देऊन टाकलं होतं.

आता यातलं एकच पान हातात घेऊ. उंची २९ सेंटिमीटर, रुंदी २०, म्हणजे प्रिंटरमधल्या ए-फोर कागदापेक्षा जेमतेम लहान. दोन रकाने, प्रत्येकात २१ ओळी. प्रार्थनेचं पहिलं अक्षर निळ्या-गुलाबी रंगात, सोन्याच्या चौकटीत बसवलेलं. त्याच्या शेपटातून निघालेली वेल समासात उतरते, वळते आणि टोकाशी पानं फुटून थांबते. एका पानाच्या दोन्ही बाजू मिळून ८४ ओळी. ३०९ पानांच्या सगळ्या बाजू अशाच भरल्या तर २५,९५६ ओळी होतात. एकूण एक हाताने, पिसाच्या लेखणीने.

पान कागदाचं नाही, कातड्याचं आहे. कातडं चुन्याच्या पाण्यात भिजवायचं, केस खरवडायचे, चौकटीवर ताणून बांधायचं आणि ताणलेल्या अवस्थेतच अर्धचंद्राकृती पात्याने तासत तासत पातळ करायचं. नीट पाहिलं तर केसांची बाजू किंचित पिवळसर दिसते, मांसाकडची पांढरी. एका कातड्यातून या आकाराची चार पानं निघाली असं धरलं, तर एवढ्या ग्रंथाला ७८ जनावरं लागली. हे बेताचं पुस्तक. आठव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमधल्या वेअरमाउथ-जॅरो मठात लिहिलेल्या ‘कोडेक्स अमियातिनुस’ या बायबलची पानं १,०३० आहेत. तिथे एका कातड्यातून दोनच पानं निघत, म्हणजे ५१५ वासरं. वजन ३४ किलो. मठाधिपती केओलफ्रिथ ७१६ साली हा ग्रंथ पोपला भेट द्यायला घेऊन निघाला आणि वाटेतच वारला. त्याने अशी तीन बायबलं करवून घेतली होती. तिन्हींचा मिळून दीड हजार वासरांचा कळप होतो, ओळ लिहायला सुरुवात होण्याआधीच.

सोन्याचं गणित याच्या अगदी उलट आहे. पान झळकतं तेव्हा वाटतं की यात तोळाभर तरी सोनं असेल. चेन्निनो चेन्निनी या इटालियन चित्रकाराने १४०० च्या सुमारास कारागिरांसाठी जे पुस्तक लिहिलं, त्यात त्याची एक तक्रार आहे: एका डुकाट नाण्यातून सोनार १४५ वर्ख काढतात, खरं तर शंभरावर काढू नयेत. डुकाटचं वजन साडेतीन ग्रॅम. म्हणजे एक वर्ख जेमतेम २४ मिलिग्रॅमचा. आज यंत्रावर ठोकलेला वर्ख मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतका पातळ असतो, आणि एक ग्रॅम सोन्यात अर्धा चौरस मीटर जागा झाकते. खरी मेहनत वर्खाखाली असते. चुनखडी आणि सरसाचा उंचवटा करायचा, त्यावर वर्ख बसवायचा आणि गुळगुळीत दगडाने किंवा कुत्र्याच्या दाताने घोटत राहायचं. अक्षर भरीव सोन्याचं भासतं ते या फुगवट्यामुळे.

सोन्यापेक्षाही लांबून यायचा तो निळा. मध्ययुगीन पुस्तकांतला सर्वांत महाग निळा रंग लाजवर्द दगडापासून होई, आणि त्या काळी युरोपात येणारा चांगला लाजवर्द अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतला. तिथून पॅरिस सरळ रेषेत साडेपाच हजार किलोमीटरांहून लांब आहे. उंट, गलबतं आणि खेचरांची वाट अर्थातच त्याहून कितीतरी मोठी. जर्मनीतल्या डालहाइम इथे मठाच्या दफनभूमीत सापडलेल्या, हजार-अकराशे सालच्या आसपासच्या एका स्त्रीच्या दातांवरच्या किटणात संशोधकांना या निळ्याचे शंभराहून अधिक सूक्ष्म कण मिळाले. २०१९ मध्ये ते संशोधन प्रसिद्ध झालं. ती बहुधा ग्रंथ रंगवणारी असावी आणि कुंचल्याचं टोक ओठांत धरून बारीक करत असावी. बदख्शानचा हाच दगड त्याच्या कितीतरी आधी आपल्याकडे पोचला होता. अजिंठ्याच्या पाचव्या शतकातल्या लेण्यांतला निळा याच दगडाचा; तिथले बाकीचे रंग आसपासच्या माती-दगडांतले, हा एकटा सुमारे १,८०० किलोमीटरांवरून आलेला.

अशी किती पुस्तकं झाली असतील? एल्ट्यो ब्युरिंग आणि यान लायटन फान झांडेन या दोन डच अभ्यासकांनी अंदाज बांधला आहे: सहाव्या ते पंधराव्या शतकापर्यंत पश्चिम युरोपात साधारण एक कोटी नऊ लाख हस्तलिखितं तयार झाली. आपली बोवेची पोथी ज्या तेराव्या शतकातली, त्या एका शतकाच्या वाट्याला साडेसतरा लाख. आणि छपाई सुरू झाल्यावर १४५४ ते १५०० या जेमतेम ४६ वर्षांत त्यांच्याच अंदाजाने सव्वा कोटीहून अधिक छापील प्रती निघाल्या. हजार वर्षं लाखो हात लिहीत होते, त्या सगळ्यांना छापखान्याने अर्ध्या शतकात मागे टाकलं.

त्यानंतर हस्तलिखितं रद्दी झाली. विधीची पुस्तकं तर दुप्पट रद्दी, कारण जिथे प्रॉटेस्टंट धर्मसुधारणा झाली तिथे ती नुसती जुनी नव्हती, चुकीचीही ठरली. इंग्लंडच्या पार्लमेंटने १५५० मध्ये कायदा करून ती नष्ट करायला लावली. स्वीडनचे सरकारी कारकून जास्त व्यवहारी निघाले. कातडं मजबूत असतं हे हेरून त्यांनी चर्चमधले ग्रंथ फाडले आणि पानं करवसुलीच्या वह्यांना वेष्टन म्हणून घातली. स्टॉकहोमच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आज असे २२ हजारांहून अधिक तुकडे आहेत आणि त्यांतले बहुसंख्य विधीच्या ग्रंथांचे. कोणाच्या तरी शेतसाऱ्याच्या हिशेबाभोवती ईस्टरची स्तोत्रं गुंडाळलेली! कारकुनांमुळे ती उरली तरी.

मला राग येतो तो अमेरिकेतल्या विक्रेत्यांचा. स्वीडनमध्ये कवडीमोल म्हणून फाडलं. अमेरिकेत मोलाचं म्हणून फाडलं. बोवेचं पुस्तक १९२६ साली लंडनच्या लिलावात ९७० पौंडांना गेलं आणि वृत्तपत्रसम्राट विल्यम रँडॉल्फ हर्स्टच्या संग्रहात पोचलं. तिथून ते डशनेसकडे, आणि त्याने अर्धंमुर्धं विकून उरलेलं दिलं ऑटो एगी यांना. हे क्लीव्हलँडच्या कलाशाळेत शिकवणारे गृहस्थ. आपण पुस्तकं फोडतो, हे त्यांनी १९३८ मध्ये लेख लिहून उघड सांगितलं होतं. एरवी कोणाला मध्ययुगीन ग्रंथ परवडणार? सुटं पान मात्र शाळा-कॉलेजांनाही घेता येतं, हा त्यांचा युक्तिवाद. पन्नास हस्तलिखितांतलं एकेक पान घेऊन त्यांनी पेट्या भरवल्या. पेट्या ४०, पानं २,०००. बोवेचं पान प्रत्येक पेटीत पंधरावं. युक्तिवादात तथ्य अजिबात नाही असं नाही. अमेरिकेतल्या कितीतरी विद्यार्थ्यांनी पहिलं अस्सल मध्ययुगीन पान पाहिलं ते एगींच्याच पेटीतलं. पण हे दाखवायला ५० पुस्तकं मोडावी लागत नाहीत, आणि विकणाऱ्याच्या खिशात काय पडत होतं ते वर मांडलंच आहे.

आता उलटा हिशेब चालू आहे. मध्ययुगीन हस्तलिखितांच्या अमेरिकी अभ्यासक लिसा फेगिन डेव्हिस गेली अनेक वर्षं बोवेची पानं शोधून संगणकावर पुन्हा ओळीने लावत आहेत. मिस्साच्या विधीचा क्रम ठरलेला असतो. पानावरची प्रार्थना कोणत्या सणाची, हे कळलं की ते पान कुठे बसणार ते कळतं, आणि कोणतं गायब आहे तेही. शंभराहून अधिक पानांचा पत्ता लागला आहे. दोनशेच्या आसपास अजून बेपत्ता. जी पानं फोडायला महिना पुरला, त्यांतली एक तृतीयांश शोधण्यात वर्षं गेली.

आणि पानं निघतात कुठून? २०२२ साली मेन राज्यातल्या वॉटरव्हिल गावी एका घरातलं जुनं सामान विकायला काढलं होतं. तिथे एका तरुणाला फ्रेममधलं एक पान दिसलं. कॉलेजात असताना याच ग्रंथाचं दुसरं पान त्याने वर्गात पाहिलेलं होतं, म्हणून त्याला ते ओळखता आलं. चिठ्ठीवर किंमत ७५ डॉलर. तज्ज्ञांच्या मते ते दहा हजार डॉलरपर्यंत जाऊ शकतं.

म्हणून अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांना एक विनंती. शेजारच्या घरचं सामान विकायला निघेल तेव्हा भिंतीवरच्या फ्रेम्सकडेही नजर टाका. दोन रकाने, २१ ओळी, निळं-गुलाबी अक्षर, सोनं, समासातली वेल असं काही दिसलं, तर आधी जवळच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात विचारा. पान विकत घेतलंत तर खुशाल भिंतीवर लावा, पण दोन्ही बाजूंचे फोटो काढून डेव्हिस यांच्यापर्यंत पोचवा. मागची बाजूही तितकीच हवी असते. पुढच्या पानाचा धागा तिथेच सापडतो.