दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को : लांबचा रस्ता लवकर कसा पोचवतो?

आजचा एपिसोड सुरू होतो माझ्याच एका चुकीपासून.

मागच्या उन्हाळ्यात आई पहिल्यांदाच एकटी ताईकडे अमेरिकेला निघाली. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को, मध्ये कुठेही न थांबणारं विमान. तिकीट बघून आई म्हणाली, "अरे, पहाटे चारला निघून त्याच दिवशी सकाळी सातला पोचते? तीनच तास?" मी हसलो. पण आई इन्सुलिन घेते, आणि डॉक्टरांनी विचारलं होतं, "प्रवास नक्की किती तासांचा?"

मी पडलो इंजिनिअर. मोबाइलवर अंतर शोधलं : सुमारे १२,४०० किलोमीटर. वेग धरला ताशी ९००. भागाकार केला आणि ठोकून दिलं, "चौदा तास."

नशीब, ताईने ते आधीच पकडलं. उन्हाळ्यात आपलं घड्याळ तिथल्यापेक्षा साडेबारा तास पुढे असतं. तिथले सकाळचे सात म्हणजे आपल्याकडचे संध्याकाळचे साडेसात. पहाटे चार ते संध्याकाळी साडेसात, म्हणजे साडेपंधरा तास! डॉक्टरांनी डोसच्या वेळा नव्याने लिहून दिल्या.

मग माझा दीड तास हरवला कुठे?

पहिली गोष्ट, ते १२,४०० किलोमीटर म्हणजे पृथ्वीच्या गोलावर दोन शहरांमध्ये ताणून धरलेला दोरा. हा दोरा दिल्लीहून जवळजवळ उत्तरेला निघतो आणि आर्क्टिक महासागरावरून पलीकडे उतरतो. विमान मात्र तसं जाऊ शकत नाही. दिल्लीच्या उत्तरेला हिमालय आणि तिबेटचं पठार आहे. केबिनमधला हवेचा दाब गेला तर विमानाला साधारण १०,००० फुटांवर, म्हणजे ३,००० मीटरवर यावं लागतं. तिबेटची जमीनच सरासरी ४,५०० मीटरवर! म्हणून मार्ग वळसा घेतो. त्यात एखाद्या देशाची हवाई हद्द बंद असेल तर आणखी वळसा.

दुसरी गोष्ट, वारा. साधारण दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम वाहतो. हिवाळ्यात त्याचा वेग ताशी २०० किलोमीटरच्याही वर जातो. विमान हवेत पोहतं म्हणा ना, प्रवाहासोबत गेलं की जमिनीवरचा वेग वाढतो, उलट गेलं की घटतो.

याचा भारी किस्सा २०१६ च्या ऑक्टोबरमधला. एअर इंडियाने याच मार्गावर अटलांटिक सोडून पॅसिफिकवरून विमान नेलं. अंतर साधारण १,४०० किलोमीटरने वाढून १५,३०० झालं, पण वारा पाठीशी होता. प्रवास सुमारे साडेचौदा तासांत झाला, आधीपेक्षा जवळजवळ दोन तास कमी! करा भागाकार, ताशी हजाराच्या वर वेग.

तिसरी गोष्ट, तिकिटावरची वेळ गेटपासून गेटपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंतचं रांगणं, आपला नंबर येण्याची वाट, सगळं त्यात धरलेलं असतं.

तेव्हा घरचं कुणी लांब निघालं, तर किलोमीटर भागू नका. तिकिटावरच्या दोन्ही वेळा भारतीय वेळेत आणा आणि वजाबाकी करा. परतीचा हिशोब वेगळा करा, कारण येताना मार्ग आणि वारा दोन्ही बदलतात. औषधांच्या वेळा मात्र डॉक्टरांनाच विचारा.

आई नीट पोचली. फोनवर पहिलं वाक्य, "तुझ्या चौदा तासांवर राहिले असते तर?"

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!