चाळीस लाखांची मर्यादा

धंदा वाढावा ही प्रत्येक व्यावसायिकाची इच्छा असते. परंतु वर्षअखेरीस विक्रीचा आकडा ४० लाखांच्या जवळ येऊ लागला की त्या वाढीचीच त्याला धास्ती वाटू लागते. महाराष्ट्रात मालाची विक्री करणाऱ्यास १ एप्रिल २०१९ पासून ४० लाखांपर्यंत वस्तू व सेवा कराची नोंदणी सक्तीची नाही. सेवा देणाऱ्यास ही मर्यादा २० लाखांची आहे. मग आलेली मागणी एप्रिलवर ढकलावी, बिनपावतीचा व्यवहार करावा, किंवा एकाच दुकानावर भावाच्या नावाची दुसरी पाटी लावावी, असा मोह अनेकांस होतो. मर्यादेखाली राहणे हे शहाणपण आहे काय, याचा निर्णय धास्तीने नव्हे, हिशेबाने झाला पाहिजे.

उद्यमनगरातील एखाद्या लहान कारखान्याचे उदाहरण घेऊ. तो वर्षास २० लाखांचा कच्चा माल घेतो व ३५ लाखांचे सुटे भाग विकतो, आणि दोन्हींवर कराचा दर १८ टक्के आहे, असे धरू. कच्च्या मालावर त्याने ३ लाख ६० हजार रुपये कर दिलेला असतो. नोंदणी असल्यास तो गिऱ्हाइकाकडून ६ लाख ३० हजार कर घेतो, आधीचा कर त्यातून वजा करतो आणि उरलेले २ लाख ७० हजार सरकारात भरतो. नोंदणी नसल्यास ही वजावट मिळत नाही. तेवढाच नफा राखायचा, तर त्याला माल ३८ लाख ६० हजारांस विकावा लागेल.

आता घेणारा कोण, ते पाहावे. तो शिरोलीचा नोंदणीकृत कारखानदार असेल, तर नोंदणीवाल्याचा माल त्याला वजावटीनंतर ३५ लाखांतच पडतो. बिननोंदणीवाल्याकडून तो ३ लाख ६० हजार अधिक का देईल? उलट, घेणारा सामान्य गृहस्थ असेल, तर त्याला नोंदणीकृत माल ४१ लाख ३० हजारांस पडेल. तेथे मर्यादेखालचा विक्रेता २ लाख ७० हजारांनी स्वस्त ठरतो. तात्पर्य, ज्याचे गिऱ्हाईक घरगुती, त्याने मर्यादेची सवलत निःसंकोच घ्यावी. ज्याचे गिऱ्हाईक व्यापारी, त्याने मर्यादेची वाट न पाहता स्वेच्छेने नोंदणी करावी.

कोल्हापुरास आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी लागते. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत निपाणी पलीकडे गेली, पण बाजाराचे नाते तुटले नाही. कायदा मात्र हद्द ओळखतो. कांदा-लसूण चटणीचा एक डबा निपाणीच्या दुकानदारास विकला तरी तो परराज्यातील व्यवहार होतो, आणि काही हस्तकलेच्या वस्तू वगळता अशा विक्रीस पहिल्या रुपयापासून नोंदणी सक्तीची आहे. सीमेलगतच्या व्यापाऱ्यास ४० लाखांचा आधार पुष्कळदा भासमान ठरतो, तो यामुळेच.

मधला मार्ग नाही असे नाही. आपसमेळ योजनेत दीड कोटींपर्यंत उलाढाल असणारा व्यापारी वा कारखानदार सर्वसाधारणपणे एक टक्का कर भरून मोकळा होतो. तो कर गिऱ्हाइकाकडून वेगळा घेता येत नाही, वजावट मिळत नाही, मालही परराज्यात विकता येत नाही. पेठेतल्या दुकानास ही योजना सोयीची, उद्यमनगरातील कारखान्यास अडचणीची.

मात्र पाट्या बदलून वा पावती न फाडून मर्यादेखाली राहणे यास आम्ही काटकसर म्हणणार नाही. ती फसवणूक आहे, आणि तिचा पहिला बळी तो व्यावसायिक स्वतःच. जी विक्री वहीत नाही, ती दाखवून बँकेकडे कर्ज मागता येत नाही.

सरकारनेही आपला वाटा उचलला पाहिजे. लहान माणसाची धास्ती करापेक्षा विवरणपत्रांची, विलंबशुल्काची आणि सल्लागाराच्या फीची अधिक असते. ५ कोटींपर्यंतच्या उलाढालीस २०२१ पासून तिमाही विवरणपत्राची मुभा आहे. पण नियमित नोंदणी घेणाऱ्यास कर दरमहाच भरावा लागतो. नव्याने नोंदणी घेणाऱ्यास पहिल्या वर्षी तरी चुकीबद्दल दंड न करता मार्गदर्शन करावे, अशी आमची सूचना आहे.

राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची पेठ वसवली, ती कोल्हापूरचा व्यापार वाढावा म्हणून. त्याच शहरात आलेले गिऱ्हाईक कराच्या धास्तीने परत धाडले जावे, हे व्यापाऱ्यास परवडणारे नाही आणि सरकारासही शोभणारे नाही.