पोलिओ नाही म्हणतात, मग शी का तपासतात?

लोकलच्या गोंगाटात हा भाग नीट ऐकू आला नसेल, तर आता वाचून काढा.

एका श्रोत्याने व्हॉइस नोट पाठवली होती. भाच्याचा पाय अचानक लुळा पडला. डॉक्टर म्हणाले, जीबीएस वाटतोय, पोलिओ नाही. पोलिओचे सगळे डोसही झालेत. तरी आरोग्य खात्याची माणसं येऊन शीचे नमुने घेऊन गेली. घरचे वैतागले, "आमच्यावर संशय आहे का?"

दादा, संशय तुमच्यावर नाही, विषाणूवर आहे.

नियम साधा आहे. 15 वर्षांखालच्या मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला, की कारण काहीही वाटो, कळवायचंच. याला एएफपी सर्वेक्षण म्हणतात. लुळेपणा आल्यापासून 14 दिवसांच्या आत शीचे दोन नमुने घ्यायचे, दोघांत किमान 24 तासांचं अंतर ठेवून. सुरुवातीच्या दिवसांत विषाणू शीतून जास्त बाहेर पडतो, म्हणून घाई. पण तो रोज सारखा पडत नाही, म्हणून नमुने दोन. मग बर्फाच्या डब्यातून ते प्रयोगशाळेत जातात. मुंबईत अशी प्रयोगशाळा परळला आहे.

आता तुम्ही म्हणाल, डॉक्टरांनी बघून सांगितलं ना, मग एवढा खटाटोप कशाला? कारण पोलिओची लागण झालेल्या साधारण 200 जणांमध्ये एकालाच कायमचा लुळेपणा येतो. बाकीच्यांना थोडा ताप, नाहीतर काहीच नाही. म्हणजे एक लुळा पाय दिसेपर्यंत विषाणू वस्तीभर फिरून आलेला असतो. तो एक पाय सुटला, तर सगळंच सुटलं.

मला यातली सगळ्यात भारी वाटणारी गोष्ट म्हणजे शून्यावर विश्वास कधी ठेवायचा, याचा हिशोब. पोलिओ नसला तरी इतर कारणांनी काही मुलांना असा लुळेपणा येतोच. भारताने ठरवलं, दर लाख मुलांमागे वर्षाला अशा किमान 2 केसेस सापडल्याच पाहिजेत. एखाद्या जिल्ह्यातून एकही आली नाही, तर तिथे सगळं छान चाललंय असं नाही, तिथे कुणी बघतच नाहीये! शोधून आलेलं शून्य वेगळं आणि न शोधता आलेलं शून्य वेगळं.

भारतात 2009 साली पोलिओच्या 741 केसेस होत्या, 2010 मध्ये 42 आणि 2011 मध्ये फक्त एक. ती शेवटची, 13 जानेवारीची, पश्चिम बंगालमधल्या हावड्याची. तरी पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं 27 मार्च 2014 ला. मधली तीन वर्षं शोध चालूच ठेवून शून्य सिद्ध करावं लागलं.

सांडपाणीही तपासतात. मुंबईत हे 2001 पासून चालू आहे. 2022 मध्ये लंडनच्या सांडपाण्यात, लसीतल्या विषाणूपासून बदलत गेलेला पोलिओ विषाणू सापडला, तोही तिथे एकही मूल लुळं पडायच्या आधी. लगेच मुलांना जादा डोस दिले गेले.

तेव्हा तुमच्या घरात, शेजारी कुणा मुलाचा हातपाय अचानक लुळा पडला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि नमुना मागितला तर द्या. भाच्याचा रिपोर्ट निगेटिव्ह आला, तर तोही वाया जात नाही. आपल्या शून्यात तो मोजला जातो.

चला, भेटूया पुढच्या भागात!