औषधाच्या बिलाने फिरवलेले खटले
वैद्यकीय हलगर्जीपणाच्या खटल्यात भरपाई किती मिळाली, हे पेपरात छापून येतं. निकाल नेमका कशावर फिरला, ते मात्र वकिलांच्या बाकावरच राहतं.

पुण्याचं 1953 सालचं प्रकरण घ्या. रत्नागिरीतल्या पालशेतला मांडीचं हाड मोडलेल्या विशीतल्या मुलाला टॅक्सीने अकरा तास प्रवास करून पुण्याला आणलं. पुरेशी भूल न देता जोर लावून पाय ओढला, असा आरोप झाला. मुलगा त्याच रात्री गेला. वडील स्वतः डॉक्टर. शल्यचिकित्सकांचा बचाव होता, की आम्ही फक्त हलका ताण देऊन प्लास्टर घातलं. पण त्यांनीच जुलैमध्ये वडिलांना सांत्वनाचं पत्र पाठवलं होतं आणि त्यात मॉर्फियाच्या गुंगीवर भिस्त ठेवल्याचं लिहिलं होतं! ‘लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले’ या खटल्यात 1968 साली सर्वोच्च न्यायालयाने वडिलांच्या बाजूने निकाल दिला. मागितले होते 25,000, हाती आले 3,000. डॉक्टरांची कर्तव्यं सांगताना वकील आजही हाच निकाल काढतात.

औरंगाबादच्या सरकारी दवाखान्यात 1963 साली बाळंतपणानंतर नसबंदी झालेल्या बाईच्या पोटात रक्त टिपायचा कापडी मॉप राहिला. पोट पुन्हा उघडल्यावर तो सापडला, पण बाई वाचली नाही. खालच्या कोर्टाने 36,000 रुपये दिले, उच्च न्यायालयाने ते काढून घेतले. चूक कोणाच्या हातून झाली, यावरच सगळा काथ्याकूट. शेवटी 1996 साली ‘अच्युतराव खोडवा’ निकालात सर्वोच्च न्यायालयाने सरकारलाच जबाबदार धरलं. तोवर तेहतीस वर्षं उलटली होती.

हैदराबादचा किस्सा मला फार लागतो. 2002 मध्ये थंडीतापाने आजारी बाईवर एका खासगी रुग्णालयात टायफॉइडचे उपचार झाले. दुसरीकडे हलवल्यावर मलेरिया निघाला, तोवर उशीर झाला होता. जिल्हा मंचाने दोन लाखांची भरपाई दिली, पण राज्य ग्राहक आयोग म्हणाला, तज्ज्ञाची साक्ष कुठे आहे? तक्रार करणारे पती व्ही. किशन राव मलेरिया खात्यातच अधिकारी होते! सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली त्यांचे दोन लाख परत दिले आणि सांगितलं, की प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञ लागतोच असं नाही.

आमच्या बिदरच्या मैलूरचं सांगते. बिदरला भागलं नाही की इथली माणसं हैदराबाद, लातूर, सोलापूर गाठतात. ओळखीतल्या एका काकूंच्या पायाची जखम अशाच एका मोठ्या शहरात चिघळली, बोटं गेली. केस पेपरवर लिहिलेलं, अँटिबायोटिक पहिल्या दिवसापासून चालू. त्या ओळीची शाई मात्र वेगळी, अक्षरही दाटीवाटीने कोंबलेलं. काकूंच्या सुनेने रद्दीत चाललेली कॅरीबॅग उपसली, तर औषधाचं छापील बिल निघालं. तारीख चौथ्या दिवसाची!

मग अधिकारक्षेत्राचा वाद निघाला. जुन्या कायद्याने त्यांना रुग्णालयाच्या गावीच तारखा कराव्या लागल्या असत्या. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदाराला राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणून ती बिदरच्या आयोगात गेली. उपचारांना मोजलेली रक्कम पाच लाखांच्या आत, त्यामुळे फीही नाही. दोन वर्षांची मुदत संपत आली होती, तेवढ्यात कशीबशी दाखल झाली. लेखी मागितल्यावर रुग्णालयाने 72 तासांत उपचारांचे कागद द्यायचे असतात, हेही घरच्यांना ठाऊक नव्हतं. हे दवाखान्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

शेजारच्याच घरातल्या पोराचा हात सरकारी दवाखान्यात वाकडा जुळला. सगळ्यांवरच मोफत उपचार करणाऱ्या दवाखान्याविरुद्ध ग्राहक आयोगाचं दार बंद, हे सर्वोच्च न्यायालयाच्या 1995 च्या शांता निकालापासून ठरलेलं. त्यांना औरंगाबादकरांसारखं दिवाणी कोर्टच गाठावं लागलं.

काकूंच्या प्रकरणात बिलाची प्रत समोर गेल्यावर रुग्णालयाच्या वकिलांनी पुढच्या तारखेची वाटही पाहिली नाही. तडजोडीचा निरोप त्याआधीच आला. सुनेने मूळ बिल मात्र अजून कोणाच्या हाती दिलेलं नाही.