वर्सोव्याच्या वाळूखालची तार

वर्सोव्याचा किनारा ज्याने पाहिला आहे त्यास तेथील कोळीवाडा, वलांडीवर वाळत घातलेले बोंबील आणि भरतीची वाट पाहणाऱ्या होड्या आठवतील. परंतु त्याच वाळूत पुरलेल्या हौदांतून निघून अरबी समुद्रात शिरणाऱ्या ज्या तारा आहेत, त्यांवाचून या देशातील पेढ्यांचा, कंपन्यांचा आणि सरकारी दप्तरांचा परदेशांशी चाललेला संगणकीय व्यवहार एक दिवसही सुरळीत चालणार नाही, हे क्वचितच कोणाच्या ध्यानी येते. हे काम उपग्रह करीत असतील, असा पुष्कळ सुशिक्षितांचाही समज असतो. वस्तुतः खंडांतराच्या दळणवळणात उपग्रहांचा वाटा नगण्य आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०२२ च्या अखेरीस दिलेल्या माहितीप्रमाणे सतरा आंतरराष्ट्रीय केबल मुंबई, चेन्नई, कोची, तुतिकोरीन आणि तिरुवनंतपुरम अशा पाचच शहरांत उतरत होत्या; आणि मुंबईच्या वाट्याला आलेल्या बहुतेक केबल वर्सोव्याच्या त्या चिंचोळ्या पट्टीतच किनाऱ्याला लागतात.

मुंबईस हा मान नवा नाही. ब्रुनेल नामक विख्यात अभियंत्याने बांधलेले, उतारूंच्या वाहतुकीत दिवाळे वाजलेले ‘ग्रेट ईस्टर्न’ हे अजस्र जहाज १८७० साली पोटात तारेची वेटोळी भरून मुंबईस आले आणि येथून एडनपर्यंत तार टाकीत गेले. पुढे सुएझ, माल्टा आणि जिब्राल्टर या मार्गाने ती लंडनशी जोडली गेली. मलायाच्या जंगलांतील झाडांच्या चिकाचे, म्हणजे गटापर्चाचे वेष्टण तिला होते. साम्राज्याचे हुकूम आणि कापसाचे भाव तिच्यातून धावत. स्वातंत्र्यानंतर हा कारभार सरकारी खात्याकडे, १९८६ पासून विदेश संचार निगमाकडे आणि २००२ साली टाटा समूहाकडे गेला.

आजच्या केबलची रचना मात्र मुद्दाम थांबून पाहण्याजोगी आहे. खोल समुद्रात ती बागेत पाणी घालण्याच्या रबरी नळीहून जाड नसते. तिच्या गाभ्यात केसाएवढ्या जाडीचे काचतंतू, त्यांभोवती पोलादी तारा, तांब्याची नळी आणि सर्वांत बाहेर पॉलिथिनचे आवरण. किनारा जवळ येऊ लागला की तिच्यावर पोलादी तारांचे आणखी चिलखत चढते आणि नांगरापासून रक्षणार्थ तिला तळाच्या गाळात पुरण्यात येते. काच कितीही निर्मळ असली तरी प्रकाश वाटेत क्षीण होतोच; म्हणून साधारणतः साठ ते शंभर किलोमीटरांवर एकेक वर्धक बसवितात, ज्यातील अर्बियम या दुर्मीळ धातूच्या योगाने प्रकाशाचे प्रथम विजेत रूपांतर न करताच त्यास पुनश्च तेज चढते. या वर्धकांना लागणारी वीज किनाऱ्यावरील स्थानकातून, हजारो व्होल्टच्या दाबाने, त्याच तांब्याच्या नळीतून पाठविली जाते. एवढी यंत्रसामग्री पंचवीस वर्षे मनुष्याच्या हाताचा स्पर्श न होता खाऱ्या पाण्याखाली चालावी, या अपेक्षेने बांधलेली असते, आणि बव्हंशी ती चालतेही.

जी बंद पडते तिची कहाणी निराळी. जगभर दरवर्षी दीडशे ते दोनशे बिघाड होतात; शार्क माशांचे दात वृत्तपत्रांना प्रिय असले तरी खरे अपराधी ट्रॉलरची जड जाळी आणि जहाजांचे नांगर हेच. किनाऱ्यावरील तंत्रज्ञ केबलमध्ये प्रकाशाचा स्पंद सोडतो आणि तुटल्या जागेवरून तो परत येण्यास लागलेल्या वेळेवरून अंतर काढतो; मग जहाज तेथे जाते, दोराला बांधलेला लोखंडी आकडा तळावरून ओढीत नेऊन केबलचे एक टोक वर काढते, दुसरे काढते, मधे नवा तुकडा घालते, आणि जहाजावरील खोलीत बसलेला कारागीर काचेचे तंतू एकेक करून विजेच्या ठिणगीने सांधतो. हा आकडा व्हिक्टोरिया राणीच्या काळातील खलाशालाही ओळखीचा वाटला असता.

नव्या मुंबईत ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात उभ्या राहिलेल्या डेटा सेंटरांचा डोलारा याच तारांच्या आधाराने वाढला. प्रकाश काचेतून सेकंदाला सुमारे दोन लक्ष किलोमीटरच धावतो, म्हणून गिऱ्हाइकाजवळ यंत्रे ठेवणे फायद्याचे. शिवाय रिझर्व्ह बँकेने २०१८ साली रकमांच्या देवघेवीची नोंद देशातच ठेवण्याचा आदेश काढला. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली पुण्यास, तर ॲमेझॉनने २०१६ व गूगलने २०१७ साली मुंबईस आपली क्लाउडची ठाणी मांडली.

इमारतींचे हे वैभव पाहून माझ्या मनात मात्र तांबड्या समुद्राचा विचार येतो. पश्चिमेकडे जाणाऱ्या केबलपैकी फार मोठा भाग त्या अरुंद बोळातून आणि इजिप्तच्या भूमीवरून जातो. जानेवारी २००८ मध्ये अलेक्झांड्रियाजवळ केबल तुटल्या तेव्हा भारतातील इंटरनेट लंगडू लागले; २०२४ साली हुथींच्या क्षेपणास्त्राने घायाळ होऊन सोडून दिलेल्या ‘रुबीमार’ जहाजाच्या फरफटत्या नांगराने तांबड्या समुद्रातील केबल तोडल्या, असा तज्ज्ञांचा निष्कर्ष आहे; आणि सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाजवळ मुंबईस येणाऱ्या दोन केबलना इजा पोहोचताच मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडलाही दूरचा वळसा घ्यावा लागला. मेटाने जाहीर केलेली, पन्नास हजार किलोमीटरांहून लांब ‘वॉटरवर्थ’ केबल अमेरिका, ब्राझील, दक्षिण आफ्रिका आणि भारत यांना जोडणार आहे, ती या बोळास टाळणारी म्हणून स्वागतार्ह. परंतु दुरुस्तीचे काय? भारतीय निशाणाचे दुरुस्तीजहाज नसल्याकडे नियामक प्राधिकरणाने २०२३ च्या शिफारशींत लक्ष वेधले होते. परदेशी जहाज मागवावे, तर त्याच्यासाठी निरनिराळ्या खात्यांच्या परवानग्यांची रास जमवावी लागते. अब्जावधी रुपये डेटा सेंटरांवर ओतणाऱ्या देशाने एका जहाजाचा आणि एका खिडकीवर मिळणाऱ्या परवानगीचा बंदोबस्त आधी करावयास हवा होता.